जादूगारिणीविरुद्ध ठराव

आमच्या जयपूरच्या घरात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे बाबांचं टेबल. देवदारी फळ्यांचं, सहा माणसं सहज बसतील असं. त्याच्या एका टोकाला युनियनचं सायक्लोस्टाइल यंत्र बसवलेलं होतं. हँडल फिरवलं की खटक-सर्र, खटक-सर्र असा आवाज यायचा आणि एकेक पत्रक ओल्या शाईसकट खालच्या ट्रेमध्ये येऊन पडायचं. बाबा विमा कंपनीत होते, साताऱ्याहून बदली होऊन आलेले, आणि आल्या आल्या इथल्या कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये शिरलेले. पत्रक ते आधी मराठीत लिहीत आणि मग हिंदीत करत, कारण राग मराठीतच नीट येतो असं त्यांचं म्हणणं होतं. बाहेर मोर ओरडत, कूलरचा पंप गुरगुरत असे, वाळ्याच्या ओल्या वासात शाईचा वास मिसळत असे, आणि मी जमिनीवर बसून चुकलेली पत्रकं वाचत असे. शाळेच्या पुस्तकांआधी मी पत्रकंच वाचली. त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी माझं बोलणंही तसंच झालं होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी आईला म्हणे, "याचा जाब विचारला पाहिजे."

घरात एक नियम होता: घरात फक्त मराठी बोलायचं. हा नियम बाबांनी नुसता सांगितला नव्हता, जेवणानंतर रीतसर सभा घेऊन मंजूर करून घेतला होता. मी आणि माझा धाकटा भाऊ सुधीर हिंदीत वाढत होतो, तोंडात सारखं 'मतलब' आणि 'भैया' येई. ज्याच्या तोंडून हिंदी शब्द निघेल त्यानं यंत्राचं हँडल पन्नास कागदांपर्यंत फिरवायचं. सुधीरचे दंड त्या काळात चांगलेच तयार झाले. सभेत बाबा, मी आणि सुधीरनं हात वर केले होते. आई तटस्थ राहिली होती. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दिलीप एक पेटी घेऊन आला. दिलीप म्हणजे समोरच्या बँक मॅनेजरांचा मुलगा, नागपूरचा, माझ्याच वर्गातला. त्याच्या मामानं ती पेटी अमेरिकेहून आणली होती. आत दोन पातळ इंग्रजी पुस्तकं, चित्रविचित्र आकाराचे फासे आणि एक मेणाचा खडू. फाशांवरचे आकडे दिसत नसत, ते आपणच खडू घासून भरायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि काय करायचं ते तोंडानं सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवणार. पहिल्या दुपारी दिलीप म्हणाला, "तुम्ही एका जुन्या बावडीच्या तोंडाशी उभे आहात. विहिरीच्या पायऱ्या खाली अंधारात गेल्यात. काय करता?" आणि मी इतक्या जोरात "खाली उतरतो" म्हटलं की आई स्वयंपाकघरातून पाहायला आली. त्याचं ते वाक्य मला आजही आठवतं. आयुष्यात इतक्या लोकांनी मला काय करायचं ते सांगितलं, पण 'काय करता' असं विचारणारा तो पहिलाच.

दिलीप सूत्रधार झाला. मी तारा नावाची लढवय्यी झाले, सुधीर चोर. चौथी शैला. शैला माझ्या शाळेतली, एका सुभेदारांची मुलगी, लष्कराच्या क्वार्टर्समध्ये राहणारी. कोल्हापूरकडचं कुटुंब, पण शैलाचा जन्म अंबाल्याचा आणि शाळा दर तीन वर्षांनी नवीन. आमच्याकडे ती फार कमी बोलायची. आल्यावर "नमस्ते काकू", निघताना "येते काकू", आणि मधे पन्ह्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसायची. तिला कुणी विचारलं नाही, उरलेली जादूगारीण तिच्या वाट्याला आली.

जादूगारिणीची सुरुवातीला दैना होती. पुस्तकाप्रमाणे तिला दिवसातून एकच मंत्र, आणि जीव चार. जीव म्हणजे किती मार खाऊन जिवंत राहाल त्याचा आकडा. माझ्या ताराला चौदा होते. शैला दुपारी तीन वाजता एक मंत्र म्हणायची आणि मग सहापर्यंत आमची लढाई पाहत बसायची. दिलीपला तिची दया आली. त्यानं आमचा पहिला घरचा नियम केला: दिवसाची अट नाही, झोप काढली की मंत्र पुन्हा भरतो.

पुढे जे झालं त्याला जबाबदार दिलीपची दयाच. शैलानं पेटीतलं एक पातळ पुस्तक चार दिवसांसाठी घरी मागून नेलं. शब्दकोश घेऊन तिनं मंत्रांचं एकेक पान वाचून काढलं, आणि परत आली ती वेगळीच. दरवाजा उघडला की झोपेचा मंत्र, समोरचे सगळे आडवे. मग दरवाजा लावून आम्हीच झोपायचं, तिचा मंत्र भरायचा, आणि पुढचा दरवाजा. बावडीच्या प्रत्येक टप्प्यावर आम्ही इतके झोपलो की सुधीर म्हणाला, आपण राक्षस मारायला आलोय की आजोळी. माझ्या ताराची तलवार तीन दुपारी म्यानातून निघाली नाही. शैला मात्र गालात हसत असायची. तिला हसताना मी त्याआधी फारसं पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्याचाच मला राग आला.

मी पत्रक काढलं. कार्बन घालून चार प्रती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लढणाऱ्यांनो, झोपा किती काढणार?' खाली मजकूर होता की ज्यांच्या मनगटावर ही मोहीम चालते त्यांना बेकार ठेवून एकाच वर्गाच्या हाती सारी सत्ता देण्याचा हा डाव आहे. वर्ग हा शब्द पुस्तकातलाच होता; खेळात लढवय्ये, चोर, जादूगार यांना तेच म्हणत. पण बाबांच्या पत्रकांमुळे मला तो शब्द लिहिताना जो चेव चढला तो काय सांगू. मग मागणी: जादूला किंमत हवी. आणि किंमत कोणती, तर मंत्र म्हणणाऱ्यानं तो स्वतः रचायचा, चार ओळींचा, शुद्ध मराठीत, न अडखळता मोठ्यानं म्हणायचा, आणि एकदा वापरलेला पुन्हा वापरायचा नाही. मध्ये हिंदी किंवा इंग्रजी शब्द आला तर मंत्र वाया.

मला हा नियम अतिशय न्याय्य वाटला. आमच्या घरात सगळ्यांना लागू होता तोच तर मी टेबलावर आणला होता. सुधीरनं लगेच पाठिंबा दिला. दिलीपनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तू तर पूर्ण खेळच बदलून राहिली. पण ठीक आहे, मज्जा येईल." मी मतदान घेतलं. माझा हात, सुधीरचा, दिलीपचा. शेवटी शैलाचा हातही वर गेला. मी वहीत लिहिलं, 'एकमताने मंजूर', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

नंतरचे दहा-बारा दिवस म्हणजे माझ्या त्या वयातला सगळ्यात आनंदाचा काळ. तारा लढत होती. बावडीच्या कमानींखाली, शेवाळलेल्या पायऱ्यांवर, वटवाघळांच्या थव्यात. आई कांद्याची थालीपीठं लावायची, आम्ही एका हातानं थालीपीठ आणि दुसऱ्या हातानं फासे टाकायचो. वीस बाजूंचा फासा एकदा उसळून कूलरच्या मागे पाण्यात गेला तो सापडलाच नाही, तेव्हा आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात घातल्या आणि डबा खडखडवत चिठ्ठी काढू लागलो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायला गेलो तरी आमच्या तोंडी तोच विषय. शैला एक लहानशी वही आणायची. मंत्र घरी रचून, पाठ करून यायची. बहुतेक वेळा मंत्र अर्ध्यात कोसळे, कारण 'और', 'मगर', 'लेकिन' कुठून तरी येऊन पडत, आणि सुधीर टेबलावर थाप मारून "वाया" म्हणे. ती वहीत त्या मंत्रावर काट मारी. मी ताराच्या नव्या ढालीत मग्न होते.

मग आम्ही बावडीच्या तळाशी पोचलो. तिथे काळं पाणी, पाण्यापलीकडे एक दार, आणि मध्ये मगर. दिलीपनं ती मगर काय सांगितली होती! आमच्या अंगावर काटा आला. सुधीरचा चोर दुसऱ्याच झटक्यात बेशुद्ध पडला. ताराचे तीन जीव उरले. आता एकच उपाय होता, शैलाचा झोपेचा मंत्र. तिनं वही उघडली नाही, कारण वहीतले सगळे वापरून झाले होते. ती उभी राहिली आणि टेबलाकडे बघत म्हणू लागली.

"हे पाण्याच्या राणी, रात्र झाली फार. लाटांची तुझी चादर, अंधाराचं दार. मिटू दे तुझे डोळे, धीरे..."

ती थांबली. 'धीरे' हिंदीतलं, हे तिला कळलं होतं. सुधीर थाप मारायला गेला, पण त्याचा हात मध्येच राहिला, कारण मंत्र फुकट गेला तर मी मरणार हे त्यालाही दिसत होतं. दिलीप म्हणाला, "अलका, नियम तुझा आहे. सोडायचा का? एकाच शब्दाचा तर प्रश्न आहे बे."

मी त्या क्षणी काय विचार केला ते मला लख्ख आठवतं. सूट दिली तर फायदा माझा. स्वतःच्या फायद्यासाठी नियम वाकवणारे लोक कोण असतात हे मी पत्रकांत शंभर वेळा वाचलं होतं. मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम. मंत्र वाया." दिलीपनं डबा खडखडवला, अठराची चिठ्ठी निघाली, आणि तारा पाण्याखाली गेली. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी छाती अभिमानानं भरून आली होती.

शैलानं पेन्सिल खाली ठेवली. "तारा माझ्यामुळे मेली ना?"

"नियमामुळे," मी म्हणाले.

"नियम पण माझ्यासाठीच बनला होता," ती म्हणाली. मग आईला "येते काकू" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्याशिवाय आम्ही एकदा बसलो, पण दिलीपच्या आवाजात जीव नव्हता आणि अर्ध्या तासात खेळ मोडला.

त्या रात्रीच्या जेवणाला मी बाबांना सगळं सांगितलं. माझा त्याग त्यांना कळावा अशी इच्छा होती. बाबांनी युनियनच्या पद्धतीनं विचारलं, ठराव रीतसर मांडला होता का, मतदान झालं का. मी म्हटलं, एकमताने. ते समाधानानं वरण ओतून घेऊ लागले. आई पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता तिनं विचारलं, "तिचा हात कितवा वर गेला?"

"शेवटचा."

"तो वर जाताना तू तिच्याकडे पाहिलंस का वहीत बघत होतीस?"

मी पोळीचा तुकडा मोडला. आई म्हणाली, "मी इंदूरची. साताऱ्याला आले तेव्हा माझं मराठी ऐकून तुझ्या आत्या हसायच्या. पहिले सहा महिने मी त्या घरात हो आणि नाही एवढंच बोलले. लोकांना वाटलं सून फार शांत आहे." तिनं पोळी तव्यावर टाकली. बाबांचा हात वाटीवर तसाच राहिला. सोळा वर्षांच्या संसारात त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, आणि आई आमच्या मराठीच्या ठरावाला तटस्थ का राहिली तेही. अजूनही कुठल्या सभेत 'एकमताने' हा शब्द ऐकला की मी शेवटचा हात कुणाचा ते आधी शोधते. पुष्कळ लोकांना माझा हा स्वभाव आवडत नाही.

दुसऱ्या सकाळी सायकल काढून मी क्वार्टर्सकडे गेले. फाटकापाशी गेले तर आतल्या मैदानात क्रिकेट चाललं होतं आणि मधोमध शैला पंच म्हणून उभी. एक दांडगा मुलगा बाद होऊनही हलत नव्हता. शैला त्याच्याशी हिंदीत बोलत होती, आणि काय बोलत होती. भिंतीला लागून चेंडू आला तर काय, कुत्र्यानं अडवला तर काय, आजच्या सकाळी नाणेफेकीआधी काय ठरलं होतं, सगळं एका दमात, मध्ये त्याच्या टोपीची थट्टा करून बाकीच्यांना हसवत. शेवटी तो मुलगा स्वतःच हसत बॅट टाकून गेला. ही मुलगी महिनाभर माझ्या टेबलाशी पन्ह्याचा पेला धरून बसली होती. मला आतून इतकं लाजल्यासारखं झालं की मी सायकल वळवणारच होते, पण तिच्या आईनं दारातून पाहिलं आणि हाक मारली, "ये की गं पोरी, उन्हात काय उभी ऱ्हायलीस?"

आत मला ताक आणि भाकरी मिळाली. शैला समोर बसली. मी आधीच तयार केलेलं भाषण सुरू केलं, की तो नियम अन्यायाचा होता, तो मी बिनशर्त मागे घेते. तिनं मला मध्येच थांबवलं.

"रद्द नको करू," ती म्हणाली. "पहले सुन तर."

मी म्हटलं, बोल, हिंदीतच बोल. मग ती बोलली, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, आणि मला कळलं की तिनं या सगळ्यावर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त विचार केला होता. दिलीपचा तो पहिला, झोपेचा नियम तिलाही नको होता. सगळेच दरवाजे आपणच जिंकायचे तर बाकीच्यांकडे बघायला लाज वाटते, आणि दोन दिवसांनी कंटाळा येतो. जादूला किंमत हवी हे माझं बरोबर होतं. पण किंमत अशी हवी की ती देताना सगळ्यांना काम मिळेल. तिचं म्हणणं, मंत्र कुठल्याही भाषेत, पण लगेच लागणार नाही. तीन पाळ्या लागतील. त्या तीन पाळ्या लढवय्यानं आणि चोरानं तिच्यापुढे उभं राहून शत्रूला अडवायचं. तिला नखाचा धक्का लागला तर मंत्र तुटला. पुढे उभा राहील त्यानं मागे सरायचं नाही. "आणि मतदानात," ती म्हणाली, "पहिला हात माझा."

मी तिच्याच वहीत ते लिहून काढलं आणि आम्ही दोघींनी खाली सह्या केल्या. सायकलवरून परत येताना टळटळीत ऊन होतं, लूचा गरम वारा सुटला होता, आणि मी मोठमोठ्यानं गात होते.

दुपारी टेबलाभोवती सगळे जमले. बाबा रजेवर असल्यासारखे उगीच शाईचे डबे आवरत तिथेच रेंगाळत होते. शैलाचा हात आधी, मग आमचे. दिलीपला वाटलं की आता ताराला जिवंत करावं, पण मी नाही म्हणाले. करार मागच्या तारखेपासून लागू होत नसतो. मी नवी लढवय्यी केली, कोवळी, आठ जिवांची. सुधीरचा चोर शुद्धीवर आला होता. आम्ही पुन्हा त्या काळ्या पाण्याकाठी उभे राहिलो.

पहिल्या पाळीला शैलानं सुरुवात केली. आवाज थोडा कापरा होता. सुधीरनं दगड मारून मगरीचं तोंड वळवलं, मी ढाल पुढे केली, चिठ्ठी निघाली, माझे तीन जीव गेले. दुसऱ्या पाळीला तिचा आवाज वर चढला. तिच्या मंत्रात कोल्हापूरची भाकरी होती, अंबाल्याची थंडी होती, परेडचे हुकूम होते, 'सो जा' होतं आणि 'झोप गं माझे बाई' होतं, आणि ते सगळं एकमेकांत इतकं बेमालूम वाहत होतं की आई हातातला झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली. माझे आणखी चार गेले. उरला एक. मगरीला बारा किंवा वरची चिठ्ठी मिळाली की मी संपणार आणि माझ्यामागे शैला. मागे सरायची मुभा नव्हती. मला ती नकोही होती.

तिसऱ्या पाळीला ती थांबलीच नाही. बाबांनी डबा खाली ठेवला. सुधीरचं तोंड उघडं. शेवटची ओळ म्हणून झाली तेव्हा खोलीत फक्त कूलर चालू होता. मंत्र पुरा झाला, मगर झोपणार, असं म्हणून मी ओरडणार तेवढ्यात शैला दिलीपकडे वळली.

"चिठ्ठी काढली नाहीस."

दिलीप खरंच विसरला होता. ऐकत बसला होता. "जाऊ दे ना," तो म्हणाला, "मंत्र तर झाला."

"तिसरी पाळी मगरीची पण आहे," शैला म्हणाली. "काढ."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघून हसत नव्हती, माफीही मागत नव्हती. मी मान हलवली. दिलीपनं डबा खडखडवला, हात आत घातला आणि चिठ्ठी उलगडून टेबलावर ठेवली. आम्ही सगळे एकदम वाकलो, आई आणि बाबासुद्धा, आणि डोक्यांवर डोकी आपटली.

सात.

सुधीरनं काय आरडाओरडा केला ते शेजारच्यांनी नंतर आम्हाला सांगितलं. मला त्यातलं काही ऐकू आल्याचं आठवत नाही. मी उरलेल्या एका जिवावर उभी होते, आणि शैलानं सरळ दिलीपच्या हातातून आम्ही काढत आलेल्या बावडीच्या नकाशाचा कागद घेतला होता, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं होतं, आणि पाण्याच्या पलीकडच्या दाराआड काय असेल त्याची पहिली रेघ ओढत ती आम्हाला विचारत होती, "आगे कोण जाणार, बोला पटकन."